सहरीची वेळ सापडली पाहिजे : आपल्या वेबसाइटचे रंग आणि मेनू

गेल्या रमजानमध्ये शेजारच्या खालांनी सहरीच्या वेळी दारातूनच फोन पुढे केला. "सर, अभी पंधरा मिनट बाकी है ना?" पाहिलं तर वेळापत्रक मुंबईचं होतं. शहराचं नाव होतं, नाही असं नाही, पण सगळ्यात खाली, फिकट राखाडी बारीक अक्षरात. वर मात्र मोठी हिरवी पट्टी, घुमट, चंद्रकोर आणि पदाधिकाऱ्यांचे फोटो.

हा फरक किरकोळ नाही. मुंबई साधारण ७३ अंश रेखांशावर, आपले सोनपेठ साडेशहात्तरच्या आसपास. एका रेखांशाला ४ मिनिटे, म्हणजे आपल्याकडे पहाट मुंबईपेक्षा सुमारे १४ मिनिटे आधी होते. मुंबईचा तक्ता बघून सहरी केली तर वेळ संपल्यावरही घास तोंडात. हैदराबादचा तक्ता उलट फसवतो. तिथे मगरिब आपल्या सहा ते आठ मिनिटे आधी होते, म्हणजे तो बघून इफ्तार केली तर सूर्य मावळायच्या आत रोजा सुटतो.

आता गावोगावी मशिदीच्या, शाळेच्या, ट्रस्टच्या वेबसाइट निघत आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पान बनवताना आधी सजावट होते आणि माणूस कशासाठी येतो, हे नंतर आठवतं. रमजानमध्ये तो तीन गोष्टींसाठी येतो : कोणते गाव, आजची सहरी कधी संपते, इफ्तार कधी. या तिन्ही फोनच्या पहिल्या स्क्रीनवर, बोट न फिरवता, दिसल्या पाहिजेत. घुमटाचा फोटो त्याखाली ठेवा.

रंगाचं सांगायचं तर शिक्षकाला हे फळ्यावरच कळतं. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलं की मागच्या बाकावरून ओरड येते, "सर, दिसत नाही!" वेबसाइटवरही तेच होतं. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक मोजता येतो. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ असा फरक सांगितला आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर २१ : १ भरते. गडद हिरव्यावर शुद्ध लाल जेमतेम १.३, आणि पांढऱ्यावर भडक पिवळा तर १.१ सुद्धा नाही. आपल्याला हिरवा आवडतो, तर ठेवा. गडद हिरव्या पट्टीवर पांढरी ठळक अक्षरे छान दिसतात. पण मशिदीच्या फोटोवर सोनेरी अक्षरात वेळा लिहू नका.

दुसरी चूक, सहरी लाल आणि इफ्तार हिरवी, एवढ्यावरच भागवणे. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही अशी माणसे आपल्यातही आहेत, पुरुषांत जास्त. शिवाय तोच तक्ता झेरॉक्स होऊन मशिदीच्या दारावर लागतो, तिथे दोन्ही रंग सारखेच काळपट. रंग द्या, पण शेजारी 'सहरी समाप्त' आणि 'इफ्तार' हे शब्दही लिहा. आणि तक्ता फोटो म्हणून टाकू नका. अंध व्यक्तीच्या फोनमधले वाचून दाखवणारे साधन फोटोतले आकडे वाचेलच असं नाही, आणि मोठा करून बघितला तर तो फुटतो.

मेनूत पाच-सहा नावे पुरे, आणि ती लोकांच्या तोंडची : नमाजच्या वेळा, रमजान, शिष्यवृत्ती, जनाजा सूचना, संपर्क. 'सेवा' किंवा 'इतर' अशा नावाखाली शिष्यवृत्तीची शेवटची तारीख लपली तर ती मुलीच्या आईला कशी सापडणार? मेनू प्रत्येक पानावर एकाच जागी हवा, आणि आपण कोणत्या पानावर आहोत तेही त्यात उठून दिसावं. तीन आडव्या रेघांचे बटण आपल्या पोरांना कळतं, आजोबांना नाही. त्याखाली 'मेनू' एवढं लिहिलं तरी काम होतं.

उर्दू पान असेल तर थोडी जास्त काळजी. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून मेनू आणि तक्त्याचा पहिला रकानाही उजवीकडून सुरू व्हावा. मराठी पान तसंच उचलून फक्त शब्द बदलले की वाचणारा तारखेऐवजी आधी इफ्तारवर पोचतो. आकडे मात्र उर्दूतही डावीकडूनच वाचतात, त्यामुळे ४:५८ उलटे करायची गरज नाही. भाषा बदलायचे बटण वर ठेवा आणि त्यावर त्या-त्या लिपीतच 'उर्दू', 'मराठी' लिहा.

पान तयार झाल्यावर कमिटीच्या ग्रुपवर वाहवा मिळवण्याआधी ते साठीच्या पुढच्या एखाद्या बाईंना दाखवा. भर उन्हात, फोनचा उजेड कमी करून. "उद्याची सहरी कधी संपते?" एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. खाला आमच्याकडे आल्या की मी हेच करतो. पहिल्या पानावर त्यांना उत्तर सापडायला पाऊण मिनिट लागलं होतं. 'सोनपेठ' हा शब्द वर मोठा केल्यावर त्यांनी चष्माही काढला नाही पिशवीतून.