पत्रा शाबूत, बाकी सगळं कुजलेलं

अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिन पट्ट्यात तळ्यांवरचं बर्फ वितळलं की जुन्या बोटींच्या जाहिरातींना ऊत येतो. चौदा-पंधरा फुटी ॲल्युमिनियमची रनअबाउट: पुढे वाऱ्याची काच, गाडीसारखं स्टिअरिंग, दोन बाकं आणि मागे टांगलेली आउटबोर्ड मोटर. साल १९५० ते १९६५च्या दरम्यानचं. किंमत काहीशे डॉलर, कधी नुसतंच ‘घेऊन जा’. मजकुरात एक वाक्य हमखास असतं: उभी करून ठेवली तेव्हा मोटर चालत होती. ते बहुधा खरंही असतं. उभी केली कधी, ते मात्र कोणी लिहीत नाही.

हौशी गिऱ्हाईक जातं आणि पोचे मोजत बसतं, उडालेला रंग पाहून नाक मुरडतं. माझ्या मते ते भलत्याच जागी पाहतं. या बोटींचा पत्रा सहसा दगा देत नाही. त्याला जे जे जोडलं गेलं, म्हणजे लाकूड, फोम, वायरी, मोटर आणि ट्रेलर, ते दगा देतं. थोडक्या पैशांत अशी बोट पाण्यात उतरवायची असेल तर हा हिशेब आधी डोक्यात पक्का हवा.

हा पत्रा आला विमानांच्या जगातून. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४३ या काळात, अमेरिकेतलं ॲल्युमिनियमचं उत्पादन पाचपटीहून जास्त वाढलं. ‘हेलकॅट’ लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरांत कनू, म्हणजे वल्हवायची अरुंद होडी, घेऊन भटकायला गेले होते. एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत ती जड कनू खांद्यावरून वाहताना त्यांच्या डोक्यात आलं, की ही आपल्या कारखान्यातल्या पत्र्याची केली तर? १९४५ साली ग्रुमनची ॲल्युमिनियमची कनू तयार झाली, आणि १९५२ साली कनूंचा कारखाना मॅरेथॉन या लहानशा गावात हलला. युद्ध संपलं तेव्हा पत्रा मुबलक होता, रिव्हेट मारणारे तयार हात होते आणि विमानांची मागणी आटली होती. अटलांटाची फेदर क्राफ्ट, टेक्ससमधली लोन स्टार, मिनेसोटातल्या क्रेस्टलायनर आणि अल्युमाक्राफ्ट, इंडियानातली स्टारक्राफ्ट अशी नावं या बोटींवर दिसतात. पन्नाशीच्या दशकाअखेर मोटारगाड्यांना शेपटीचे पंख फुटले, तसे ते बोटींनाही फुटले. पुढे फायबरग्लासने हा झगमगाटी बाजार बळकावला आणि ॲल्युमिनियम मासेमारीच्या साध्या बोटींपुरतं उरलं.

विमानातला तांबेमिश्रित पत्रा ताकदीचा खरा, पण पाण्यात तो लवकर खाल्ला जातो. म्हणून बोटींसाठी मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू वापरात आले. त्यातला ५०५२ हा आजही सर्रास चालतो. त्यात मॅग्नेशियम सुमारे अडीच टक्के असतं. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. आपल्याकडे चिंचेचं सार जर्मनच्या पातेल्यात रात्रभर ठेवत नाहीत ते याच पापुद्र्यापायी: आंबटाने तो जातो आणि भांड्याला बारीक खड्डे पडतात. बोटीच्या बाबतीत आंबटाचं काम मीठ आणि तांबं करतात. उत्तरेकडची तळी गोड्या पाण्याची, म्हणूनच साठ-सत्तर वर्षांच्या बोटी तिथे ढिगाने सापडतात. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात वापरलेली बोट स्वस्तात मिळाली तर रिव्हेटांच्या भोवती आणि लाकडामागे पांढरी भुकटी आहे का, ते आधी पाहावं.

खरी परीक्षा ट्रान्समची. बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. मोटरीचं वजन आणि तिचा रेटा दोन्ही इथेच येतात. पत्र्याच्या आत प्लायवूड असतं आणि त्यातून आरपार बोल्ट गेलेले असतात. एका बोल्टाभोवतालचं सील सुटलं की पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. बाहेरून सगळं चकचकीत आणि आत प्लायवूडचा ओला भुसा! मोटरीचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम लवली तर लाकूड गेलं. मग किमतीत घासाघीस करायला हरकत नाही.

जुनी फळी शक्यतो अखंड काढावी, कारण नवीचा साचा तीच. पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवले की बहुतेक जुन्या बोटींना लागते ती दीड इंच जाडी मिळते. मरीन प्लायवूडच घ्यावं का, यावर तासन् तास वाद झडतात. बाहेरच्या वापराच्या चांगल्या प्लायवूडमध्येही गोंद पाण्याला दाद न देणाराच असतो. फरक मुख्यतः आतल्या थरांतल्या पोकळ्यांचा. हात आखडता घ्यायचाच असेल तर तो प्लायवूडच्या दर्जात घ्या, इपॉक्सीत नको. कापलेल्या कडा आणि बोल्टांची भोकं आतून इपॉक्सीने पुरती भिजली पाहिजेत. एका गोष्टीला मात्र सक्त मनाई: घरामागच्या लाकडी ओट्यासाठी मिळतं ते रसायन मुरवलेलं लाकूड. ते कुजत नाही म्हणून लोक मोठ्या हुशारीने बोटीत बसवतात. पण त्यात तांबं असतं. पूर्वीच्या आर्सेनिकयुक्त प्रकारातही ते होतं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी तो प्रकार २००३च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या जागी आलेल्या प्रकारांत तर तांब्याचं प्रमाण आणखी वाढलं. ओलं तांबं ॲल्युमिनियमला चिकटून राहिलं की फळी शाबूत राहते आणि पत्र्याचीच चाळण होते. पितळी स्क्रूही याच कारणाने वर्ज्य. स्टेनलेसचे बोल्ट भरपूर सीलंट लावून बसवावेत.

दुसरा लपलेला शत्रू म्हणजे बाकांखालचा फोम. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, त्यामुळे फोम नसेल तर पाण्याने भरलेली बोट सरळ तळाला जाते. एक घनफूट फोम पाण्यात सुमारे २७ किलो भार पेलतो. पण ओतीव फोम वर्षानुवर्षं ओल्या तळाशी बसला की पाणी पितो आणि सोडत नाही. मोटरीचा जोर कमी झाला म्हणून कार्बुरेटर खोलणाऱ्यांनी आधी बोट वजन काट्यावर न्यावी. घराच्या भिंतीत घालतात ते एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून बसवणं स्वस्त पडतं. पेट्रोलने ते विरघळतात, म्हणून टाकीजवळ ते नकोत. काढलेला फोम परत न भरण्याची काटकसर मात्र कोणी करू नये. वीस फुटांखालच्या बोटींवर माणसं आणि वजन किती चालेल याची पाटी लावण्याची सक्ती अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून आली. त्याआधीच्या बोटीत ही मर्यादा मालकाने स्वतःच ठरवायची असते.

गळती शोधायला बोट तळ्यात नेण्याची गरज नाही. ट्रेलरवरच ती आतून पाण्याने थोडी भरायची आणि खाली वाकून जिथे थेंब दिसेल तिथे मेणखडूने खूण करायची. काठोकाठ भरू नये: चौदा फुटी बोटीत सहा इंच पाणी म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त वजन, ते ट्रेलरलाही झेपत नाही आणि तळालाही. सैल रिव्हेट पुन्हा आवळायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हातोडी चालवायची, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. भोक मोठं झालं असेल तर एक माप वरचा रिव्हेट घ्यावा. दुसरा माणूस मिळत नसेल तर बंद टोकाचे पॉप रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून चालवता येतात. जाणकार नाकं मुरडतात, बोट तरंगते. वेल्डिंगच्या वाटेला सहसा जाऊ नये. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, आणि एक सांधा जोडताना शेजारच्या चार सांध्यांचं सीलंट जळतं.

रंगावर फार शाई खर्च करायची नाही. उघडा पत्रा गोड्या पाण्यात मजेत राहतो. रंग मालकासाठी असतो. लावायचाच असेल तर जुन्या थरात शिसं आणि क्रोमेट असू शकतं हे लक्षात ठेवून मास्क लावावा आणि ओलं घासावं. कॉस्टिकवाल्या रिमूव्हरला हात लावू नये, तो ॲल्युमिनियमच खातो. आणि तांबंयुक्त शेवाळरोधक रंग तळाला कधीच नको.

मोटरीची गोष्ट सुरू होते मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडपासून. नॉर्वेत जन्मलेल्या या कारागिराने १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटर विकायला काढली. पत्रव्यवहार, जाहिराती आणि धंदा सांभाळला त्याची पत्नी बेस हिने. १९३६ साली एव्हिनरूड आणि जॉन्सन एकाच कंपनीखाली आल्या. त्यानंतरच्या दशकांत निळ्या झाकणाखाली आणि हिरव्या झाकणाखाली बहुधा तेच यंत्र असे, आणि गरीब हौशी माणसाचं खरं भाग्य हेच. एक मोटर चालवायला आणि तिचीच दुसरी, बंद पडलेली, सुट्या भागांसाठी घ्यायची. कंपनीने डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्या मालकाने २०२० साली एव्हिनरूडचं उत्पादन थांबवलं. पण इम्पेलर, पॉइंट, कॉइल, कार्बुरेटरचे संच अजून नवे मिळतात.

क्रम ठरलेला असावा. आधी दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायचं. त्यात मोठी तफावत असेल तर पुढे एक डॉलरही घालू नये. मग गिअरकेसचं तेल काढून पाहायचं. ते दुधाळ असेल तर आत पाणी आहे. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर न पाहताच बदलायचा, कारण तो फाटला की मोटर काही मिनिटांत तापून जाम होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबरी पाइप विरघळवतं, तेही बदलायचे. आणि मोटर घेताना तिची लांबी ट्रान्समशी जुळवून घ्यायची: या जुन्या बोटी पुष्कळदा १५ इंची ट्रान्समच्या असतात, आणि २० इंचीसाठी केलेली लांब मोटर त्यांच्यावर स्वस्त मिळाली तरी महागच.

ट्रेलर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. चाकांची बेअरिंग, टायर, दिवे आणि गंजलेली चौकट यांचा खर्च कित्येकदा बोटीच्या किमतीहून जास्त होतो, आणि महामार्गावर बेअरिंग गेलं तर त्या दिवशीची सहल तिथेच आटोपते. कागदांचंही तसंच. नोव्हेंबर १९७२च्या आधीच्या बोटींवर आजच्यासारखा बारा अक्षरी क्रमांक नसतो, आणि बोटीच्या व ट्रेलरच्या नोंदणीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. म्हणून पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याकडून दोन्हींची सहीनिशी पावती घ्यावी, त्या राज्याच्या कार्यालयाला फोन करावा, आणि मगच ट्रेलरचा हूक गाडीला अडकवावा.