वेब ॲनिमेशनसाठी सदिश रेखाटन सॉफ्टवेअरची निवड

वेब ॲनिमेशनसाठी सदिश रेखाटन सॉफ्टवेअरची निवड म्हणजे संकेतस्थळावर हलणारी चित्रे तयार करण्यासाठी योग्य रेखाटन-साधन ठरविण्याची प्रक्रिया होय. सदिश (व्हेक्टर) चित्र ठिपक्यांनी न बनता बिंदू, रेषा व वक्र यांच्या गणिती वर्णनाने बनते. त्यामुळे ते भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर आणि मोठ्या पडद्यावर सारखेच रेखीव दिसते, तसेच त्यातील प्रत्येक आकार स्वतंत्रपणे हलविता येतो. चित्राचे अंतिम स्वरूप, मूळ फाइलचे आयुष्य व देवनागरी मजकुराची हाताळणी हे मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने निवडीचे मुख्य निकष आहेत.

पार्श्वभूमी

वेबवरील सदिश ॲनिमेशनचा प्रसार प्रामुख्याने फ्लॅशमुळे झाला. १९९६ साली ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने आलेले हे सॉफ्टवेअर मॅक्रोमीडिया कंपनीने घेतले व २००५ मध्ये ते अडोबीकडे गेले. फ्लॅशची चित्रे पाहण्यासाठी न्याहाळकात (ब्राउझर) वेगळे प्लगइन बसवावे लागे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी या प्लगइनचे समर्थन थांबविले. परिणामी फ्लॅशमध्ये प्रसिद्ध केलेली असंख्य शैक्षणिक चित्रे व खेळ न्याहाळकात दिसेनासे झाले.

दुसरीकडे, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने सप्टेंबर २००१ मध्ये एसव्हीजी हे खुले मानक प्रसिद्ध केले होते. एसव्हीजी फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते आणि आधुनिक न्याहाळक ती प्लगइनशिवाय दाखवितात.

अंतिम स्वरूपाचा विचार

चित्र शेवटी कोणत्या स्वरूपात दाखवायचे आहे, हे आधी ठरविल्यास सॉफ्टवेअरची निवड सोपी होते. मुंबई मेट्रोची वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मार्गिका १ उदाहरणादाखल घेता येईल. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सुमारे ११.४ किलोमीटरच्या उन्नत मार्गावर १२ स्थानके आहेत. तिचा हलता नकाशा काढायचा झाल्यास मार्गासाठी एक वक्र, स्थानकांसाठी १२ वर्तुळे, त्यांची नावे आणि गाडीचा एक आकृतिसमूह एवढेच घटक लागतात. गाडी वक्रावरून सरकविण्याचे काम एसव्हीजीतील ॲनिमेशनच्या आज्ञा, सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट यांद्वारे करता येते. अशा कामासाठी स्वच्छ एसव्हीजी देणारे रेखाटन-साधन पुरेसे असते. त्यात कालपट्टी (टाइमलाइन) नसली तरी चालते.

बोलणारी, चालणारी पात्रे असलेल्या कथाचित्रासाठी मात्र कालपट्टी आवश्यक ठरते. असे काम बहुधा व्हिडिओ किंवा लॉटी स्वरूपात प्रसिद्ध केले जाते. लॉटी हे जेसन मजकुरावर आधारलेले स्वरूप एअरबीएनबी कंपनीने २०१७ मध्ये पुढे आणले.

प्रमुख सॉफ्टवेअर

इंकस्केप: २००३ साली सुरू झालेले मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर. एसव्हीजी हेच त्याचे मूळ स्वरूप आहे. त्यात ॲनिमेशनची कालपट्टी नाही.

अडोबी इलस्ट्रेटर: १९८७ पासून उपलब्ध असलेले व आता वर्गणीवर मिळणारे सॉफ्टवेअर. एसव्हीजी निर्यात करताना त्यातील स्तरांची नावे घटकांची ओळखनावे म्हणून वापरता येतात. पुढे हालचाल देताना याचा उपयोग होतो.

कोरलड्रॉ: १९८९ पासून उपलब्ध. भारतात छपाई व फलकांच्या व्यवसायात त्याचा मोठा वापर आहे. त्यातील जुनी चित्रे वेबवर आणताना अनावश्यक बिंदू कमी करावे लागतात.

सिनफिग स्टुडिओ: कालपट्टी असलेले मुक्त सॉफ्टवेअर. दोन स्थितींमधील चित्रे ते आपोआप तयार करते.

देवनागरी मजकूर

देवनागरीत जोडाक्षरे व मात्रा योग्य जागी बसविण्यासाठी सॉफ्टवेअरला लिपीचे नियम कळावे लागतात. इंकस्केप ही जुळणी करते. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी भारतीय लिप्यांना योग्य असा परिच्छेद-रचनेचा पर्याय निवडावा लागतो. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर वेबवर अन्य टंकात उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक असते.

मराठी आणि हिंदीत ‘ल’ व ‘श’ यांची वळणे वेगळी आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात. मात्र एसव्हीजीमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदविले नाही, तर ‘चकाला’ या स्थानकाच्या नावात हिंदी वळणाचा ‘ल’ दिसू शकतो.

मजकुराचे वक्रांत रूपांतर केल्यास अक्षरांचे रूप कायम राहते. परंतु मग तो मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. अशा वेळी एसव्हीजीत शीर्षक व वर्णन स्वतंत्रपणे लिहावे लागते.

मूळ फाइलचे आयुष्य

बंदिस्त स्वरूपातील फाइल उघडण्यासाठी बहुधा तेच सॉफ्टवेअर लागते. वर्गणी संपल्यास किंवा सॉफ्टवेअर बंद पडल्यास स्वतःच्याच चित्रात दुरुस्ती करणे अवघड होते. फ्लॅशच्या बाबतीत प्रसिद्ध फाइल उपलब्ध असूनही मूळ फाइल नसलेली कामे नव्याने रेखाटावी लागली. त्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर निवडले, तरी मूळ फाइलसोबत एसव्हीजी प्रत व वापरलेल्या टंकांची नोंद जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

मुंबई उपनगरांतील कार्य

या विषयाशी संबंधित काही महत्त्वाचे काम मुंबईच्या उपनगरांत झाले आहे. पवई येथील आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये (सध्याचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) दृक्‌संवाद व ॲनिमेशनचे शिक्षण दिले जाते. तेथे अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी पुढे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या संगणकीय टंकांवर काम केले. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या नावाशी जोडलेला आहे.

आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप व सिनफिग यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे लहान दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. या प्रकल्पातील पाठांचे निवेदन मराठीसह विविध भारतीय भाषांत केले जाते. पाठ एका बाजूला चालू ठेवून दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करून पाहणे ही त्यांची पद्धत आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याला आपली गरज पडताळून पाहता येते.