संगणक प्रणाली अद्ययावत झाल्यानंतर ब्राउझर का मंदावतो?

महिन्याचा दुसरा मंगळवार पेरणी-कापणीच्या दिनदर्शिकेत कोठेही नोंदलेला नसतो. तरीही आपल्या केंद्रांच्या कामकाजावर त्याचा परिणाम होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोज प्रणालीची मासिक सुरक्षा अपडेट त्या दिवशी प्रसृत करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र. त्यामुळे भारतातील कार्यालयांत ही अपडेट बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी संगणकावर उतरतात. ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत शेतकऱ्यांसाठीचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी दिला जातो. म्हणजेच त्या आठवड्यातील शुक्रवारी सल्ला तयार करण्यास बसलेल्या कर्मचाऱ्यापुढे नुकताच अद्ययावत झालेला संगणक असतो आणि हवामान अंदाजाचे पान उघडता उघडत नाही. फवारणी करावी की पुढे ढकलावी, हा निर्णय दुपारनंतर कळून शेतकऱ्याला फारसा उपयोग नसतो.

अशा वेळी काय केले जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. ब्राउझर काढून पुन्हा बसविला जातो. साठविलेली सर्व माहिती पुसली जाते. ‘संगणक वेगवान करणारे’ एखादे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते आणि अखेरीस कोणीतरी ‘अपडेट कायमचे बंद करून टाका’ असे सुचवितो. आमच्या केंद्रात हे सर्व उपाय एकाच सकाळी झाले. त्यात जतन केलेले पासवर्ड गेले, उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती पडद्यावर येऊ लागल्या आणि दुपारी संगणक आपोआप पूर्ववत झाला. उपायांपैकी एकाचाही त्यात वाटा नव्हता.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अपडेट बसवून संगणक पुन्हा सुरू झाला, म्हणजे काम संपले असे आपण समजतो. प्रत्यक्षात बरेचसे काम त्यानंतर पडद्यामागे चालू असते. जुने घटक आवरले जातात, धारिकांची शोधसूची नव्याने बांधली जाते, विषाणूरोधक प्रणाली बदललेल्या धारिका तपासते. ही सर्व कामे डिस्कवर होतात. ब्राउझरही आपली तात्पुरती साठवण, भेट दिलेल्या पानांची नोंद आणि कुकीज त्याच डिस्कवर सतत लिहीत असतो. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर वाचन-लेखन करणाऱ्या टोकाला प्रत्येक कामासाठी इकडून तिकडे सरकावे लागते. एकाच पाटाचे पाणी एकाच वेळी चार शेतांत वळविले तर शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचत नाही, तशी ब्राउझरची अवस्था होते. दोष त्याच्याकडे दिसतो, पण असतो दुसरीकडे.

म्हणून काहीही बदलण्यापूर्वी पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार स्तंभ असतात. डिस्कचा वापर शंभर टक्क्यांच्या आसपास असून स्तंभाच्या शीर्षस्थानी ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, शोधसूची किंवा विषाणूरोधक प्रणालीचे नाव दिसत असेल, तर उपाय एकच: संगणक वीजजोडणीवर ठेवून त्याला एक-दोन तास स्वस्थ राहू द्यावे. मध्येच बळाने बंद करू नये. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तो अर्धा तास वापरून झाकण मिटले जाते आणि हे काम अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘अपडेट झाल्यापासून संगणक पंधरा दिवस मंद आहे’ अशा तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच शीर्षस्थानी असेल, तर मात्र शोध त्याच्या आत घ्यावा. क्रोम व एज या ब्राउझरना स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर असतो. शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास तो उघडतो. फायरफॉक्समध्ये तो मेनूतील ‘मोअर टूल्स’खाली सापडतो. कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी घेत आहे, हे तेथे कळते. खासगी खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तेच पान तेथे झटकन उघडले, तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत; दोषी लवकरच सापडते.

यापेक्षा फसवे कारण चित्रप्रणालीचे आहे. पान उघडते, पण सरकविताना अडखळते. उपग्रहचित्रे आणि नकाशे तुकड्यातुकड्यांनी उमटतात. पंखा जोरात फिरू लागतो. अपडेटच्या ओघात ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला गेला असण्याची ही खूण होय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली निर्मात्याच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले, तर पडद्यावरील सारे रेखाटन मुख्य प्रोसेसरवर पडले आहे असे समजावे. संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घेऊन बसवावा. निर्मात्याचे नाव बरोबर दिसत असूनही त्रास होत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ या विभागातील ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. वेग सुधारला तर ड्रायव्हरविषयीचा संशय बळावतो. ही केवळ परीक्षा आहे, उपचार नव्हे. ड्रायव्हर दुरुस्त झाल्यावर ती सोय पुन्हा चालू करण्यास विसरू नये. ते विसरलेले संगणक मी कितीतरी पाहिले आहेत.

नेटवर्कची परीक्षा सोपी आहे. तेच पान शेजारच्या संगणकावर उघडून पाहावे आणि मग आपला संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावे. सगळीकडे पान मंदच असेल, तर त्या पोर्टलवरच गर्दी आहे. अहवालाच्या अखेरच्या तारखेला याचा अनुभव येतोच आणि आपल्या संगणकाशी केलेली खटपट तेथे व्यर्थ ठरते. विंडोज प्रणाली उतरविलेली अपडेट इतर संगणकांनाही पुरवू शकते. मर्यादित जोडणी असलेल्या केंद्रांनी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सेटिंगमध्ये ही देवघेव निदान बाहेरच्या संगणकांशी होणार नाही, असे पाहावे.

साठवण पुसण्याच्या सर्वमान्य सल्ल्याविषयी माझे मत वेगळे आहे. पान मोडके किंवा जुने दिसत असेल तर तो योग्य आहे. परंतु मंद जोडणीवर त्याने प्रत्येक चित्र पुन्हा उतरवावे लागते आणि पहिले काही तास वेग उलट घटतो.

काही वेळा मंदपणा खरा असतो आणि जाणीवपूर्वक स्वीकारलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या रचनेतील मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष उघड झाले. त्यांवरील अपडेटमुळे जुन्या प्रोसेसरचा वेग कमी झाला. क्रोमने त्याच वर्षी निरनिराळी संकेतस्थळे स्वतंत्र प्रक्रियांत विभागण्यास सुरुवात केली. त्यामुळे मेमरीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच सांगितले होते. एका टॅबमधील पानाला दुसऱ्या टॅबमधील बँकेचा तपशील चोरता येऊ नये, याची ती किंमत आहे. ४ जीबी मेमरीच्या संगणकावर ती जाणवते. तेथे मेमरी वाढविणे आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे, याइतका परिणामकारक खर्च दुसरा नाही.

अपडेट बंद करण्याचा सल्ला का मानू नये, यासाठी २०१७ सालचे वॉनाक्राय प्रकरण पुरेसे आहे. तो खंडणीखोर विषाणू मे महिन्यात जगभर पसरला. तो ज्या छिद्रातून शिरला, ते बुजविणारी अपडेट मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. आज आपल्या संगणकांवर शेतकऱ्यांच्या नोंदी आणि प्रक्षेत्रांवरील अनेक हंगामांची निरीक्षणे आहेत. एकदा कुलूपबंद झालेला हंगाम पुन्हा पेरता येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या केंद्रांत ती प्रणाली अजून चालू आहे, त्यांनी विस्तारित सुरक्षा अपडेटची नोंदणी झाली आहे का, हे संगणक विभागाकडून तपासून घ्यावे.

सल्ला देणाऱ्या संगणकापुरती एक व्यवस्था आम्ही आता ठरविली आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी दुपारी अपडेट स्वतः मागवून बसवायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि कार्यालय सुटेपर्यंत तो कोणी वापरायचा नाही. पेरणीच्या ऐन धांदलीत तेवढी सवड नसेल, तर ‘पॉज अपडेट्स’ वापरून ती एक आठवडा पुढे ढकलायची आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवायची.