कृत्रिम पाय, कानाचे यंत्र आणि ते बसवणारा माणूस

गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला नवा पाय मिळाला की काम झाले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कापलेल्या पायाचा उरलेला भाग सुरुवातीचे काही महिने आकसत जातो. मापाने बसवलेला कृत्रिम पायाचा साचा सैल पडतो, कातडी सोलवटते, दुखायला लागते आणि तो पाय घरात पडून राहतो. नाशिक जिल्ह्यात वाघेरा घाटापलीकडच्या हरसूल भागात हे आणखी लवकर होते. इथली पायवाट चढउताराची, शेत भाताचे आणि नागलीचे. आवणीच्या दिवसांत चिखलात उतरल्याशिवाय घर चालत नाही. दुरुस्तीसाठी शहर गाठायचे तर मजुरी बुडते. म्हणून अशा भागाला सर्वात जास्त गरज आहे ती साधन बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रशिक्षित माणसाची.

त्याचे काम नेमके कसे चालते? उरलेल्या पायावर आधी मऊ मोजा चढवतात. ज्या हाडांच्या कडा कातडीजवळ आहेत, तिथे खास पेन्सिलने खुणा करतात. मग ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती सुकेपर्यंत गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरतात, कारण तिथली जाड कंडरा बरेच वजन पेलू शकते. सुकलेले कवच काढून त्यात पातळ प्लास्टर ओतले, की पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते. खरे कसब यापुढे आहे. जिथे भार सोसवतो तिथले प्लास्टर कानशीने घासून कमी करायचे. नडगीच्या कडेवर आणि बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकाशी ते थोडे वाढवायचे. ही घासणी दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी माणूस दोन पावलांत थांबतो. या प्रतिकृतीवर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा चढवून आतली हवा ओढून घेतात आणि साचा तयार होतो. त्याला नळी आणि पाऊल जोडून माणसाला चालवून बघतात. पाऊल आत वळते का, गुडघा मागे ढकलला जातो का, हे पाहत जोड थोडा थोडा फिरवतात. शेवटी साचा काढून कातडी तपासतात: लाली कुठे आली, किती वेळात गेली.

पाऊल निवडतानाही माणसाची राहणी बघावी लागते. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. रबराचे हे पाऊल बुटाशिवाय वापरता येते, उकिडवे बसता येते, ओल्या शेतातही चालते. हरसूलच्या शेतकऱ्यासाठी हे गुण महागड्या पावलापेक्षा मोलाचे आहेत.

हे काम शिकायचे कुठे? मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार देणाऱ्या साधनांची, पदवी घेता येते. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षे लागतात. त्यासाठी बारावी विज्ञान हवे. ही पदवी देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच, म्हसरूळला आहे.

एवढी वर्षे देणे शक्य नसेल, तर दुसरी वाट कानाच्या यंत्राची. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत यंत्रदुरुस्ती आणि कानाचा साचा बनवण्याची एक वर्षाची पदविका आहे. हरसूलच्या पावसाळी हवेत कानाच्या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. नळीत पाण्याचा थेंब अडकतो, बॅटरीच्या टोकांवर गंज चढतो, आणि आजी म्हणतात, ‘यंत्र बिघडलं.’ नळी बदलून, टोके पुसून, रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला शिकवून अनेकदा ते पुन्हा चालू करता येते. ही माहिती आजींना त्यांच्या बोलीत सांगणारा तंत्रज्ञ याच भागातला असेल, तर निम्मे काम सोपे होते.

संगणकाची आवड असणाऱ्यांनाही इथे काम आहे. एनव्हीडीए हा अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. मुंबई आयआयटीत तयार झालेले जेलो हे अॅप बोलता न येणाऱ्या मुलांना चित्रांवर बोट ठेवून संवाद साधू देते, तेही मराठीत. ही साधने मुलाला आणि शिक्षकांना नीट शिकवणे हेसुद्धा शिक्षणाचे आणि पगाराचे काम आहे.

नोकऱ्या रुग्णालयांत, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांत, कानपूरच्या अॅलिम्कोसारख्या साधने बनवणाऱ्या संस्थांत आणि खासगी दवाखान्यांत असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आहेत. म्हणजे ज्याने स्वतः पायाला आधार देणारे कॅलिपर वापरले, तोही हे शिकू शकतो, आणि माझ्या मते त्याने जरूर शिकावे. आदिवासी विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणासाठी स्वयम् योजना आहे.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करा. 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेची त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता नसेल तर शिकून झाल्यावर नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. यादीत नाव सापडल्याशिवाय फीचा एक रुपयाही भरू नका.