डोंगरावरचा रिपीटर जागा कसा राहतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब ओळीने आडवे झाले. वीज गेली आणि तिच्यामागून मोबाइल गेला. मोबाइल टॉवरच्या पायथ्याशी बॅटऱ्या असतात, पण त्या काही तासांच्या असतात. त्यानंतर डिझेल लागते, आणि डिझेल पोचवायला रस्ता लागतो. रस्त्यावर झाडे पडलेली होती. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कोकणी माणसाला घरच्यांची खुशाली कळायला कितीतरी दिवस लागले. काही गावांत वीज यायला आठवडे गेले.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, नेमका अशा दिवसांसाठी उपयोगी आहे असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीच्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलण्याची मोहीम घेऊन त्या गेल्या होत्या. बेटांशी संपर्क तुटला तेव्हा त्यांच्या संचावरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊ लागले. भूजच्या २००१ च्या भूकंपातही हॅम मंडळी आपापले संच घेऊन कच्छमध्ये पोचली होती.

मात्र अशा बातम्यांत एक तपशील राहून जातो. अंदमानातून हजार-दीड हजार किलोमीटरवर निरोप पोचवणाऱ्या लहरी हायफ्रिक्वेन्सी पट्ट्यातल्या असतात. वातावरणाच्या वरच्या थरातल्या आयनांबरावरून परतून त्या दूरवर उतरतात. जवळच्या जवळ बोलायची अडचण वेगळीच आहे. श्रीवर्धनच्या मदत केंद्रातल्या माणसाला वीस किलोमीटरवरच्या म्हसळ्याशी बोलायचे आहे आणि हातात पाच वॉटचा वॉकीटॉकी आहे, ज्याला हॅम ‘हँडी’ म्हणतात. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट, मोकळ्या मैदानात दोन उभ्या माणसांमध्ये फार तर दहा किलोमीटर. मध्ये डोंगराची सोंड आली की तेवढेही नाही.

ही अडचण रिपीटर सोडवतो. तो उंचावर बसतो, खालच्या क्षीण हँडीचा आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी जास्त शक्तीने सगळीकडे पुन्हा पाठवतो. दरीतल्या दोघांना एकमेकांचा अँटेना दिसायची गरज उरत नाही. दोघांनाही डोंगरमाथा दिसला की काम झाले.

उंचीचे महत्त्व एका सोप्या हिशेबातून कळते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला साधारण चारने गुणायचे. जेवढे उत्तर येईल तितक्या किलोमीटरवर त्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज असते. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर, तीस मीटरवर, ते बावीस-तेवीस किलोमीटर येते. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आणि पुण्याच्या पातळीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. तिथून हे अंतर एकशे दहा किलोमीटरच्या घरात जाते. दूरदर्शनचा मनोरा तिथे उभा आहे तो याच कारणाने. प्रत्यक्षात आड येणारे डोंगर यातून वजा करावे लागतात. सह्याद्रीत ही वजाबाकी मोठी असते. घाटमाथ्यावरचा रिपीटर देशावर लांबवर ऐकू येतो, आणि त्याच्याच पायथ्याशी, कड्याच्या सावलीत असलेल्या कोकणातल्या वाडीत मुका होतो. म्हणून जागा ठरवताना नकाशावरच्या उंचीपेक्षा कोणती गावे तिथून दिसतात हे पाहावे, आणि हँडी घेऊन त्या गावांत स्वतः फिरून यावे.

जागेला आणखी अटी असतात. जागामालकाची लेखी संमती हवी, पावसाळ्यात पोचता येईल अशी वाट हवी, कुलूप लागणारी खोली हवी. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. बारा वर्षे पूर्ण झालेले कोणीही ही परीक्षा देऊ शकते. रिपीटरसाठी परवानगी वेगळी काढावी लागते. त्यामुळे हे काम एकट्यादुकट्याचे नसते, क्लबचे असते.

आता यंत्राकडे. भारतात हॅमचे बहुतेक रिपीटर दोन मीटरच्या पट्ट्यात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. ऐकायची फ्रिक्वेन्सी आणि बोलायची फ्रिक्वेन्सी यांत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवायची पद्धत आहे. हे अंतर मूळ फ्रिक्वेन्सीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते, आणि रिपीटरची सगळ्यात अवघड बाब त्यातच आहे. रिपीटरला एकाच वेळी, बहुधा एकाच अँटेनातून, ऐकायचे आणि बोलायचे असते. त्याचा ट्रान्समीटर २५ वॉट बाहेर फेकतो. त्याच खोक्यातला रिसीव्हर मात्र एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाचा पाचवा हिस्सा इतका बारीक संदेश टिपायला बसलेला असतो. दोन्हींच्या शक्तीत सुमारे तीनशे कोटी कोटी पटींचे अंतर आहे. लग्नाच्या मांडवात ताशा बडवणाऱ्यानेच, हात न थांबवता, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीचे पुटपुटणे शब्दन् शब्द टिपावे, असे हे मागणे आहे.

हे जमते ड्युप्लेक्सरमुळे. ड्युप्लेक्सर म्हणजे धातूच्या पोकळ डब्यांची जोडणी. साधारण चार ते सहा नळकांडी, प्रत्येक अर्धा मीटर किंवा त्याहून थोडे जास्त उंच, कारण दोन मीटरच्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच असतो. प्रत्येक नळकांड्यातली दांडी मिलिमीटरच्या अंशाने वरखाली करून ते हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवतात. एका बाजूची नळकांडी ट्रान्समीटरची गडबड रिसीव्हरकडे जाऊ देत नाहीत, दुसऱ्या बाजूची रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर सांडणारा कचरा गाळतात. जुळणी करायला मोजणीचे यंत्र लागते, आणि तेवढाच संयम. घाईने जुळवलेला ड्युप्लेक्सर रिपीटरला बहिरा करतो. लांबच्या हँडीचा आवाज रिपीटर पकडतो, पण स्वतःचा ट्रान्समीटर चालू होताच तोच आवाज बुडून जातो. हॅमच्या बोलीत याला ‘डिसेन्स’ म्हणतात. नव्या रिपीटरबद्दलच्या तक्रारी पुष्कळदा याच असतात.

पैसे वाचवण्याचा मोह केबलपाशीही होतो. बारीक, स्वस्त आरजी-५८ कोॲक्स केबल वीस मीटर टाकली तर १४५ मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन जाते. तेवढ्याच लांबीच्या अर्ध्या इंची हार्डलाइन केबलमध्ये एक-अष्टमांशाच्या आसपास जाते. संच कितीही महागाचा घ्या, ही गळती दोन्ही दिशांनी होते: बोलतानाही आणि ऐकतानाही.

आणि मग येते वीज. क्लबच्या बैठकीत अँटेनावर तासभर चर्चा होते आणि बॅटरीवर पाच मिनिटे. खरे तर उलटे व्हायला हवे. लाइटवर चालणारा रिपीटर बाकी सगळे सुरळीत असतानाच सुरळीत असतो, आणि त्या दिवशी मोबाइलही चालूच असतो.

हिशेब साधा आहे, तो कागदावर करावाच. नुसता ऐकत बसलेला रिपीटर बारा व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खातो. चोवीस तासांचे बारा अँपिअर-तास झाले. २५ वॉटने बोलताना त्यात सुमारे पाच अँपिअरची भर पडते. रोज मिळून चार तास बोलणे झाले तर आणखी वीस. एकूण बत्तीस अँपिअर-तास. हा झाला एरवीचा दिवस. वादळाच्या दिवशी वाहतूक चार तासांची राहत नाही. बारा तास बोलणे धरले की आकडा बहात्तरवर जातो. बॅटरी या दुसऱ्या आकड्यावर निवडायची असते. तीन दिवस तग धरायचा तर २१६ अँपिअर-तास हाताशी हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणून ती सव्वाचारशे-साडेचारशेची घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, तेव्हा तिथे २७० पुरते. ती महाग पडते, पण डोंगर चढून न्यायची आहे हे लक्षात घेता वजनातला फरक छोटा नाही. शिवाय शिसे-आम्लाच्या ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणीतरी वर जायचे असते, आणि दुसऱ्या वर्षापासून ते कोणीतरी सापडेनासे होते.

यात एक सवलत निसर्गच देतो. ट्रान्समीटरची शक्ती २५ वॉटवरून १२ वर आणली तर ऐकणाऱ्याच्या संचावर फरक फक्त तीन डेसिबलचा पडतो. रिपीटर स्वच्छ ऐकू येणाऱ्याला तो कळतही नाही. अगदी कडेच्या गावात तेवढी खरखर वाढते. बोलतानाचा करंट मात्र बराच खाली येतो आणि बॅटरीचा एखादा दिवस वाढतो. शिवाय पाच वॉटच्या हँडीचा आवाज जिथून रिपीटरपर्यंत पोचतच नाही, तिथे रिपीटरचा आवाज पोचवून उपयोग तरी काय? शक्ती वाढवण्याची हौस बहुतेक ठिकाणी फुकट जाते. तोच खर्च चांगल्या केबलवर आणि ड्युप्लेक्सरवर केलेला बरा. कमी शक्तीचा दुसराही फायदा आहे. पुष्कळ क्लब गाड्यांत बसवायचे जुने व्यावसायिक संच जोडीने वापरून रिपीटर बनवतात. ते संच मिनिटभर बोलून पाच मिनिटे गप्प राहण्यासाठी घडवलेले असतात. पूर्ण शक्तीने सलग बोलत ठेवले की तापून जळतात. निम्म्या शक्तीवर, पंखा लावून, वर्षानुवर्षे चालतात.

सौर पॅनेल लावले म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. डिसेंबरच्या लख्ख उन्हात दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन धरले तर बत्तीस अँपिअर-तासांसाठी गळतीसकट १२० वॉटचे पॅनेल पुरते. घाटमाथ्यावर जुलैत ढग उतरले की तेच ऊन दोन तासांवर येते आणि ३०० वॉट लागतात. पॅनेलचा आकार जुलै बघून ठरवायचा. वाऱ्याचा जोरही जुलैचाच धरायचा, कारण पॅनेल हे वाऱ्यासाठी शीडच असते. आणखी एक गोष्ट वीजमिस्त्रीच्या सहसा ध्यानात येत नाही. एमपीपीटी जातीचे स्वस्त सोलर कंट्रोलर, तसेच स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टर, रेडिओच्या पट्ट्यात स्वतःची खरखर सोडतात. रिपीटर ऊन असताना बहिरा आणि रात्री तरतरीत होऊ लागला तर संशय आधी कंट्रोलरवर घ्यावा. बॅटरीच्या टर्मिनललगतच फ्यूज हवा. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की संच बॅटरीपासून तोडणारी सोय हवी, नाहीतर एकाच लांबलेल्या अंधारात बॅटरी कायमची जाते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात सह्याद्रीच्या माथ्यांवर वीज कोसळते. मनोरा, केबलचे कवच, पॅनेलची चौकट, संचाचे खोके यांचे अर्थिंग एकमेकांना जोडून एकच असावे. वेगवेगळे खड्डे खणून वेगवेगळे अर्थिंग केले तर विजेचा लोळ एका अर्थिंगकडून दुसऱ्याकडे जाताना मधला संच घेऊन जातो.

बॅटरीचे महत्त्व आकाशातल्या रिपीटरांनी फार स्पष्ट दाखवले आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट हा छोटा उपग्रह सोडला. जमिनीवरच्या हॅमचा आवाज ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास घेऊन तो १४५ ला परत पाठवी, आणि जगभरच्या हौशींनी त्यावर जीव लावला. जुलै २०१४ मध्ये तो थांबला, कारण त्याच्या लिथियम-आयन बॅटऱ्या निकामी झाल्या. ऑस्कर-७ ची कथा याहून विलक्षण. नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडलेला हा हौशी उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन बंद पडला. २००२ मध्ये तो अचानक पुन्हा बोलू लागला. शॉर्ट झालेल्या बॅटरीची आतली जोडणी तुटली होती, त्यामुळे सौर पॅनेलची वीज आता थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून उन्हात आला की तो चालतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही सप्टेंबर २०२० पासून हॅम रिपीटर आहे. १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झचा टोन जोडून बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे. स्थानक वरून जाते त्या दहाएक मिनिटांत पुण्यातली हँडी कोलकात्याशी बोलू शकते.

डोंगरावरच्या रिपीटरला ना इस्रोचे बळ असते ना अंतराळ स्थानकाचे पॅनेल. त्याच्यामागे क्लबची वर्गणी आणि चार-सहा माणसांचे रविवार असतात. त्यातला एक रविवार मे महिन्यात, पावसाच्या आधी, राखून ठेवावा. वर जाऊन मेन स्विच बंद करावा आणि तीन दिवस तो चालू करू नये. रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी रिपीटरवर हजेरी द्यावी, एकाने व्होल्टेजची नोंद ठेवावी, आणि खोलीची किल्ली कोणाकडे आहे व तो गावाला गेला असेल तर दुसरी कोणाकडे, हे त्याच वेळी लिहून काढावे. तिसऱ्या दिवशीही रिपीटर उत्तर देत असेल तर बॅटरी निदान एरवीच्या वापराला पुरते. देत नसेल तर ती बदलायला जूनच्या आधी अजून वेळ असतो.