जबड्याचं दुखणं, लेखांक ५ : बोटॉक्सची सुई कुणासाठी?

गेल्या आठवड्यात रात्री दातांवर बसवायच्या पट्टीविषयी, म्हणजे नाइट गार्डविषयी लिहिलं होतं. पट्टीमुळे दात झिजायचे वाचतात, पण जबडा आवळणं काही थांबत नाही. मग जो स्नायू आवळतो तोच सैल केला तर? आजकाल दातांच्या दवाखान्यांच्या फलकांवर ‘जबडेदुखीवर बोटॉक्स’ हे शब्द दिसू लागले आहेत, आणि त्याच फलकावर चेहरा निमुळता करून देण्याचं आश्वासनही असतं. त्यामुळे आजचा लेखांक या इंजेक्शनासाठीच.

हे औषध मुळात विष आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ते तयार करतो, आणि हवा न लागणाऱ्या, नीट न टिकवलेल्या अन्नात तो फोफावतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. तिथला डॉक्टर युस्टिनस केर्नर (तो कवीही होता) याने अशा रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, सॉसेजचा अर्क स्वतः थोडा थोडा घेऊन पाहिला आणि १८२२ साली सविस्तर ग्रंथ लिहिला. पापण्या जड होतात, तोंड कोरडं पडतं, घास गिळवत नाही, स्नायू लुळे पडतात, पण शुद्ध जात नाही, ही लक्षणं त्याने टिपली. हेच विष अगदी कमी मात्रेत दिलं तर स्नायूंच्या अतिरेकी हालचालींवर औषध ठरू शकेल, हेही त्याने तेव्हाच सुचवलं होतं. प्रत्यक्ष जिवाणू सापडायला मात्र १८९५ साल उजाडलं. बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं मांस खाल्लं, त्यातले तिघे गेले, आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जिवाणू वेगळा केला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा उपयोग करून दाखवला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला परवानगी मिळाली. सुरकुत्यांसाठीची परवानगी त्यानंतर तेरा वर्षांनी आली.

याच कुळातला दुसरा जिवाणू आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तो धनुर्वाताचा. त्याच्या विषाने दातखीळ बसते, जबडा उघडतच नाही. दोन्ही विषं मज्जातंतूंमधली जवळपास सारखीच यंत्रणा मोडतात, फक्त जागा वेगळी. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूपर्यंत पोचून स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशी बंद पाडतं. बोट्युलिनम मात्र मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या टोकापाशीच काम करतं. तिथून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटलं की स्नायू आकुंचन पावतो. हे सुटणं थांबलं की मेंदूचा हुकूम टोकापर्यंत येतो, पण पुढे स्नायूपर्यंत पोचत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, दोन ते चार आठवड्यांत तो शिगेला जातो आणि साधारण तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा काम करू लागतात.

जबड्याच्या बाबतीत सुई प्रामुख्याने मॅसेटर स्नायूत देतात. दात घट्ट मिटून गालावर, कानाच्या खाली-पुढे बोटं ठेवा. टणक होऊन वर येतो तो हाच. काही वेळा कानशिलावरच्या टेम्पोरॅलिस स्नायूतही देतात. काम डोळ्यांदेखत होतं आणि थोड्या वेळात आटोपतं. बाटलीच्या तळाशी पांढुरकी पूड असते, ती सलाइनमध्ये विरघळवतात. रुग्णाला ताठ बसवून दात आवळायला सांगतात, स्नायूची कड बोटाने चाचपतात आणि गालावर पेनने ठिपके काढतात. ठिपके कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत धरलेल्या रेषेच्या खालीच ठेवायचे, आणि स्नायूच्या पुढच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर मागे राहायचं. हे अंतर चुकलं तर औषध हसण्याच्या स्नायूत शिरतं आणि काही आठवडे हसू एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. मग अगदी बारीक सुईने प्रत्येक बाजूला तीन ते पाच ठिकाणी औषध सोडतात. मात्रा युनिटांत मोजतात आणि एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं. त्यामुळे ‘मैत्रिणीला इतकी युनिटं दिली, मला इतकीच का?’ या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही. कोणतं औषध, किती युनिटं, हे केसपेपरवर लिहून घ्यावं.

आता मुख्य प्रश्न, याने दुखणं थांबतं का? काहींचं कमी होतं, आणि ज्यांचं होतं त्यांना बरं वाटतं ते खरंच असतं. पण नुसत्या सलाइनच्या सुईशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत. सलाइन मिळालेल्या गटातही अनेकांचं दुखणं उतरलेलं दिसतं. झोपेत दात खाणाऱ्यांवरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. इंजेक्शननंतर आवळण्याचा जोर कमी होतो, पण आवळण्याच्या झटक्यांची संख्या तेवढीच राहते. कारण दात खाण्याचा आदेश मेंदूतून येतो. स्नायू दुबळा झाला म्हणून मेंदू आदेश द्यायचा थांबत नाही. लहान मूल दात खातं म्हणजे पोटात जंत झालेत, ही आपल्याकडची समजूत अजून गेलेली नाही. खरी कारणं झोपेच्या बिघाडात, ताणात, चहा-कॉफी, तंबाखू आणि दारूत, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांत सापडतात. रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर आधी झोपेची तपासणी करावी. गोळ्यांचा संशय असला तरी त्या मनाने बंद करू नयेत, ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना विचारावं.

२०२३ च्या डिसेंबरात ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. त्यात समुपदेशनाधारित वर्तनोपचार, तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं आणि दुखण्याविषयी नीट समजावून धीर देणं यांच्या बाजूने जोरदार शिफारस आहे. बोट्युलिनमच्या विरोधात शिफारस आहे, मात्र ती सशर्त. म्हणजे सरसकट बंदी नाही, पण पहिला उपाय म्हणूनही त्याला जागा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही जबडेदुखी किंवा दात आवळण्यासाठी या औषधाला परवानगी दिलेली नाही. डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. हे रुग्णाला आधी सांगायला हवं, आणि ते क्वचितच सांगितलं जातं याचं मला वाईट वाटतं.

दुष्परिणामांत सर्वांत नेहमीचा म्हणजे चावताना दमणं. शिळी भाकरी, ऊस, मटण, शेंगदाण्याची चिक्की खाताना तो लगेच कळतो. पुन्हा पुन्हा सुया घेतल्या तर स्नायू रोडावतो, गाल आत जातात. त्याहून काळजीची बाब हाडाची. जबड्याच्या हाडाला चावण्याचा दाब मिळत राहिला तरच त्याची घनता टिकते. सशांवरच्या प्रयोगांत इंजेक्शननंतर हे हाड पातळ झालेलं आढळलं. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत, पण जास्त मात्रा आणि वारंवार सुया यांबाबत सावध राहायला एवढं पुरेसं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, तसंच मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा विकार असलेल्यांना हे इंजेक्शन देत नाहीत.

आणखी एक चूक आपल्या भागात जास्त संभवते. तोंड पुरेसं उघडत नाही म्हणून माणूस येतो आणि त्याला वाटतं जबडा आवळला गेलाय. गाल आतून पाहिला तर पांढरट पडलेला, दोरीसारखे कडक पट्टे हाताला लागतात, तिखट लागलं की तोंडाची आग होते. सुपारी, गुटखा, मावा यांतून होणारा सबम्यूकस फायब्रोसिस तो हाच. त्यात दोष स्नायूचा नसतो, श्लेष्मल त्वचेखालच्या ऊतींचा असतो. तिथे बोटॉक्सचा काही उपयोग नाही. सुपारी त्या दिवसापासून सुटली पाहिजे आणि पुढे कर्करोग होतो का यावर कायम लक्ष ठेवावं लागतं. त्याचप्रमाणे जबड्याच्या सांध्यातली चकती सरकली असेल, अक्कलदाढेत पू झाला असेल, तर सुईने ते बरं होणार नाही. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं असेल तर दातांच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा जबडा चावताना दुखत असेल, कानशील ठणकत असेल आणि नजर अंधुक होत असेल तर तीही तातडीची गोष्ट आहे.

मग हे इंजेक्शन घ्यावं कुणी? माझ्या मते, ज्यांचं दुखणं स्नायूचंच आहे हे तपासून ठरलंय, ज्यांनी काही महिने मनापासून व्यायाम केले, दिवसा दातावर दात न ठेवण्याची सवय लावली, झोपेकडे पाहिलं आणि तरीही घास घेणं जिवावर येतं, त्यांनी. तेही कमीत कमी मात्रेत, आणि पुढची सुई दिनदर्शिका पाहून नव्हे तर दुखणं परत आलं तरच. जबड्याच्या विकारांचा नियमित अनुभव असलेल्या मुखशल्यचिकित्सकाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं, सवलतीच्या जाहिरातीच्या मागे जाऊ नये.

पुढच्या लेखांकात घरी करायचे जबड्याचे व्यायाम पाहू. तोपर्यंत इंजेक्शनचा निर्णय लांबणीवर टाकलात तरी बहुतेकांचं काही बिघडणार नाही.