सीडी-४ : प्रतिकारशक्तीची शिल्लक

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील रुग्णांचे नातेवाईक रक्ताच्या अहवालातील ‘सीडी-४’ या आकड्याचा अर्थ नेहमी विचारतात. सीडी-४ हे मदतनीस टी-पेशींच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन होय. इतर पेशींनी पुढे मांडलेले रोगजंतूंचे तुकडे ओळखताना टी-पेशीची पकड या प्रथिनामुळे घट्ट होते आणि मग ती सारी संरक्षण यंत्रणा कामास लावते. दुर्दैवाने एचआयव्ही विषाणू याच प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो व कालांतराने या पेशी नष्ट होत जातात. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात अशा साधारण ५०० ते १५०० पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्यास गंभीर संसर्गांचा धोका फार वाढतो.

शासनाची मोफत एआरटी औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा आकडा घसरेपर्यंत औषधासाठी थांबावे लागे. २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान होताच उपचार मिळतात. मात्र आकडा वाढला म्हणून औषध बंद करू नये. विषाणू शरीरात दबा धरून असतो. औषध थांबताच तो पुन्हा वाढतो व कष्टाने जमलेली ही शिल्लक घटू लागते. ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी एआरटी केंद्रात कळवून पुढील औषधांची सोय करून घ्यावी, ही नम्र विनंती.